पादत्राणांचा शिष्टाचार : घराच्या उंबऱ्यापासून न्यायालयाच्या दारापर्यंत

प्रस्तावना :

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पायातील वहाणा दाराबाहेर काढून आत जाणे ही भारतीय समाजातील एक सर्वपरिचित रूढी आहे. ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे अभ्यासविषय म्हणून सहसा पाहिले जात नाही. राजकीय इतिहासात लढाया, तह, कायदे आणि चळवळी यांना स्थान मिळते. पायातील जोड्याला मात्र क्वचितच मिळते. तथापि एकोणिसाव्या शतकात याच जोड्याच्या प्रश्नावरून सुरतेच्या न्यायालयात एक पारशी गृहस्थ अडून बसले, कलकत्त्यात ईश्वरचंद्र विद्यासागरांसारखा विद्वान संग्रहालयाच्या दारातून परत फिरला आणि ब्रह्मदेशाच्या राजाचे इंग्रज सरकारशी असलेले संबंध बिघडले. इंग्रजी कागदपत्रांत आणि नंतरच्या इतिहासलेखनात हा वाद 'जोड्यांचा प्रश्न' या नावाने ओळखला जातो. बर्नार्ड कोन आणि के. एन. पणिक्कर यांसारख्या अभ्यासकांनी वसाहतकालीन सत्तासंबंधांच्या संदर्भात त्याची चर्चा केलेली आहे.

या वादातील मध्यवर्ती कोडे असे की, जो मनुष्य स्वतःच्या, शेजाऱ्याच्या किंवा नातलगाच्या घरात कोणीही न सांगता अनवाणी प्रवेश करतो, तोच मनुष्य सरकारी कचेरीच्या दाराशी जोडे काढण्यास नकार का देतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिष्टाचार आणि सक्ती यांमधील सीमारेषा स्पष्ट होते. प्रस्तुत निबंधात त्याच सीमारेषेचा ऐतिहासिक मागोवा घेतलेला आहे.

उद्दिष्टे :

१. घरात पादत्राणे न घालण्याच्या रूढीमागील भौतिक व सांस्कृतिक कारणे पाहणे.
२. ब्रिटिश राजवटीत या रूढीचे शासकीय नियमात रूपांतर कसे झाले याचा आढावा घेणे.
३. भारतीय समाजातील जातिव्यवस्थेच्या संदर्भात याच रूढीची दुसरी बाजू तपासणे.

गृहीतक :

यजमान आणि पाहुणा दोघेही जेव्हा एकच नियम पाळतात तेव्हा पादत्राणे काढणे हा शिष्टाचार असतो. एकाने काढावे आणि दुसऱ्याने घालून बसावे अशी विभागणी झाली की तोच आचार हीनत्वाची खूण बनतो.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

विषय विवेचन :

१) घर, जमीन आणि पाहुणा

पादत्राणांच्या रूढीचा विचार जमिनीपासून सुरू करावा लागतो. पारंपरिक मराठी घरातील बहुतेक सर्व व्यवहार जमिनीवर होत. जेवण पाटावर बसून, निजणे चटईवर किंवा जमिनीवरच्या अंथरुणावर, दळण-कांडण जमिनीवर, लेखन-वाचनही मांडी घालून. घर शेणाने सारवलेले असे. पाहुणा आला की त्याच्यासाठी घोंगडी किंवा सतरंजी अंथरली जाई. श्रीमंत वाड्यात जाजम, गादी, लोड आणि तक्के असत. ज्या घरात जमीन हीच खुर्ची, मेज आणि पलंग असते, तेथे रस्त्यावरील धूळ व घाण पायाबरोबर आत आणणे हे थेट ताटाजवळ आणि अंथरुणाजवळ आणण्यासारखे होते. स्वच्छतेचे हे कारण सर्वांत साधे आणि बहुधा सर्वांत बळकट होय.

घराची रचनाही या रूढीला अनुकूल होती. कोकणातील घरात अंगण, पडवी, ओटी, माजघर आणि देवघर असा क्रम असे. देशावरील वाड्यात दिंडी दरवाजा, चौक, ओसरी व सोपा ओलांडून माजघरापर्यंत जावे लागे. बाहेरून आत जाताना प्रत्येक पायरीवर जागेचे पावित्र्य आणि खाजगीपणा वाढत जाई. वहाणा पहिल्या टप्प्यावरच, पायरीशी किंवा पडवीत निघत. त्यानंतर पाय धुण्यासाठी पाहुण्याला तांब्याभर पाणी दिले जाई. पूजेच्या सोळा उपचारांत 'पाद्य' म्हणजे पाय धुण्यासाठी पाणी देणे हा आरंभीचाच एक उपचार आहे. देवाचे जे स्वागत, तेच अतिथीचे. मुंबईतील 'पायधुणी' या भागाचे नाव खाडी ओलांडून आल्यावर पाय धुण्याच्या जागेवरून पडले, असे सांगितले जाते.

स्वच्छतेबरोबर शुचितेची कल्पनाही या रूढीत मिसळलेली आहे. वहाण मेलेल्या जनावराच्या कातड्याची असते, म्हणून ती विटाळाची मानली गेली. परंतु याच समाजाने पादुकांना मस्तकी धरले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रामकथेत भरत रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून राज्य चालवतो आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पादुका पालखीत घालून आळंदी व देहूहून पंढरपूरला नेल्या जातात. पाय आणि पायाशी संबंधित वस्तू ही शरीराच्या उतरंडीत सर्वांत खालची. म्हणूनच एखाद्याच्या पादुका डोक्यावर घेणे ही नम्रतेची परमावधी ठरते आणि एखाद्याला जोडा मारणे ही अपमानाची परमावधी ठरते. 'जोडे उचलणे', 'जोडे पुसणे', 'पायातली वहाण पायातच बरी' यांसारखे वाक्प्रचार व म्हणी या उतरंडीची साक्ष देतात.

येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. घरात पाहुणा अनवाणी असतो तेव्हा यजमानही अनवाणी असतो. उंबऱ्याच्या आत नियम सर्वांना सारखा असतो. त्यामुळे जोडे काढल्याने पाहुण्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट 'असू द्या, असू द्या' असे यजमानाने म्हणावे आणि तरीही पाहुण्याने वहाणा काढाव्यात, या परस्परांच्या सौजन्यात दोघांचाही मान राखला जातो.

२) डोके आणि पाय : आदराच्या दोन भाषा

युरोपीय आणि भारतीय समाजांत आदर दाखवण्याच्या रीती जवळजवळ उलट्या होत्या. युरोपीय मनुष्य आदराच्या ठिकाणी हॅट काढी आणि बूट तसेच ठेवी. भारतीय मनुष्य पगडी किंवा पागोटे डोक्यावर ठेवी आणि जोडे काढी. उघड्या डोक्याने वडीलधाऱ्यांसमोर जाणे येथे अशिष्ट मानले जाई. १८९३ मध्ये दरबानच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटने मोहनदास गांधी यांना पगडी उतरवण्यास सांगितले, तेव्हा ते न्यायालयातून बाहेर पडले. त्या प्रसंगामागे आदराच्या भाषांमधील हाच फरक होता.

दोन समाज समान पातळीवर भेटतात तेव्हा असा फरक तडजोडीने मिटतो. एक पक्ष सत्ताधारी होतो तेव्हा कोणाची भाषा कोणी बोलावी हा प्रश्न सत्तेचा बनतो.

३) दरबारातून कचेरीकडे

अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी भारतीय राजांच्या दरबारात तेथील रीत पाळत आणि आत जाताना पादत्राणे काढीत. कंपनी त्या काळात अनेक सत्तांपैकी एक सत्ता होती आणि तिला दरबाराच्या मैत्रीची गरज होती. पुण्यातील पहिला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने १७९० मध्ये सवाई माधवरावांच्या दरबारात टिपूविरुद्धचा तह केला. त्या प्रसंगाचे टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्या दरबारात खुर्च्या नाहीत. इंग्रज मंडळीही भारतीय बैठकीच्या रीतीप्रमाणे जमिनीवर बसलेली आहेत.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी देशातील सर्वश्रेष्ठ सत्ता बनली. त्यानंतर शिष्टाचाराची दिशा पालटली. गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्ट (१८२३–१८२८) यांनी आपल्यासमोर येणाऱ्या भारतीयांनी आदरार्थ जोडे काढावेत असा आग्रह धरला, मात्र त्याचे पालन काटेकोरपणे झाले नाही. १८३० मध्ये युरोपीय अधिकाऱ्यांना सरकारी समारंभात भारतीय पोशाख करण्यास मनाई करण्यात आली. लॉर्ड डलहौसी यांच्या काळात पादत्राणांचा नियम अधिक कडक झाला. १८५४ च्या ठरावानुसार युरोपीय पद्धतीचे बूट घालणाऱ्या भारतीयांना ते घालून येण्याची मुभा मिळाली. देशी जोडे घालणाऱ्यांनी मात्र ते बाहेर काढावेत अशी अपेक्षा कायम राहिली.

या धोरणातील विसंगती उघड आहे. नियमाचे समर्थन 'देशी रीतीचा मान' या नावाखाली होत असे. परंतु देशी रीतीप्रमाणे यजमानानेही अनवाणी असावे लागते. कचेरीतील साहेब बूट घालून खुर्चीवर बसलेला असे आणि समोरचा भारतीय अनवाणी उभा असे. रूढीतील अर्धा भाग उचलून उरलेला अर्धा टाकून दिला गेला होता. शिवाय स्वच्छता हे कारण असते तर विलायती बुटाच्या आणि देशी जोड्याच्या तळाला लागलेल्या धुळीत भेद करण्याचे कारण नव्हते.

४) सुरत, १८६२

या विसंगतीला पहिले गाजलेले आव्हान मुंबई इलाख्यातून मिळाले. माणकजी कावसजी एन्टी हे सुरतेच्या फौजदारी अदालतीत असेसर, म्हणजे न्यायाधीशाला मत देऊन साहाय्य करणारे सभासद होते. १८६२ मध्ये सेशन्स जज्जांच्या न्यायालयात प्रवेश करताना त्यांना जोडे काढण्यास सांगण्यात आले. वरिष्ठांसमोर आदर दाखवण्याची ती भारतीय पद्धत आहे, असे न्यायाधीशांचे म्हणणे होते. माणकजींनी नकार दिला. त्यांना न्यायालयात प्रवेश नाकारण्यात आला. त्यावर त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरांकडे निषेधाचे पत्र पाठवले.

या निमित्ताने जो वाद झाला त्यातील युक्तिवाद आजही विचारात घेण्याजोगे आहेत. सरकारी पक्षाचे म्हणणे असे होते की, भारतीय लोक देवळात आणि घरात जाताना जोडे काढतात, मग न्यायालयात काढण्यास हरकत कोणती? भारतीय पक्षाने उत्तर दिले की घरात जोडे काढण्याची कारणे दोन आहेत. एक, रस्त्यावरील घाण आत येऊ नये, कारण घरात माणसे जमिनीवर बसतात. दुसरे, कातडे आणि त्याला लागलेली घाण विटाळाची मानली जाते. न्यायालय हे कोणाचे घर नव्हे, देऊळही नव्हे. तेथे कोणी जमिनीवर बसत नाही. तेव्हा घराचा नियम तेथे लागू करण्यास आधार नाही.

या उत्तरात एक महत्त्वाची राजकीय जाणीव आहे. न्यायाधीश हा न्यायालयाचा यजमान नाही आणि पक्षकार किंवा असेसर हा त्याचा पाहुणा नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे. सार्वजनिक संस्था ही सत्ताधाऱ्याची खाजगी वास्तू नसून तेथे येणारा मनुष्य स्वतःच्या अधिकाराने येतो, ही कल्पना १८६२ मध्ये जोड्याच्या निमित्ताने मांडली गेली. प्रत्यक्षात न्यायालयात जोडे घालून जाण्याची मोकळीक मिळण्यास पुढे बरीच वर्षे लागली.

५) कलकत्ता, १८७४

दुसरा प्रसंग विद्याक्षेत्रातील आहे. जानेवारी १८७४ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर कलकत्त्यातील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय व संग्रहालय असलेल्या इमारतीत गेले. त्यांच्या अंगावर नेहमीप्रमाणे धोतर व चादर आणि पायात देशी चट्ट्या होत्या. दारावरील पहारेकऱ्याने चट्ट्या काढून आत जाण्यास सांगितले. विलायती बूट घातलेल्यांना असा अडथळा नव्हता. विद्यासागर आत न जाता परतले आणि त्यांनी विश्वस्तांकडे लेखी खुलासा मागितला. या पत्रव्यवहाराची कलकत्त्याच्या वृत्तपत्रांत चर्चा झाली.

विद्यासागरांच्या चरित्रकारांनी आणखी एक प्रसंग नोंदवला आहे. हिंदू कॉलेजचे प्राचार्य कर यांनी विद्यासागरांची भेट घेताना बुटांसह पाय टेबलावर ठेवले होते. पुढे ते संस्कृत कॉलेजात आले असता विद्यासागरांनीही चट्ट्यांसह पाय टेबलावर ठेवून त्यांचे स्वागत केले आणि विचारणा झाल्यावर, हा शिष्टाचार आपण साहेबांकडूनच शिकलो, असे उत्तर दिले. दोन्ही प्रसंगांतील मुद्दा एकच आहे. देशी चट्टी आणि विलायती बूट यांना वेगळे नियम का असावेत, हा त्यांचा प्रश्न होता. विद्यासागर स्वतः घरात पारंपरिक रीतीने राहणारे होते; त्यांची तक्रार रूढीविरुद्ध नव्हती, पक्षपाताविरुद्ध होती.

६) ब्रह्मदेश : प्रश्नाची दुसरी बाजू

ब्रह्मदेशात या प्रश्नाचे स्वरूप उलटे झाले. मंडालेच्या राजदरबारात परदेशी वकिलांनी जोडे काढून जमिनीवर बसण्याची रीत होती आणि इंग्रज वकील ती पाळत आले होते. १८७५ मध्ये सर डग्लस फोर्सिथ यांच्या शिष्टाईनंतर हिंदुस्थान सरकारने यापुढे आपल्या प्रतिनिधीने जोडे काढू नयेत असा निर्णय घेतला. राजा मिंदॉन याने रीत बदलण्यास नकार दिला. परिणामी इंग्रज रेसिडेंटला राजाची प्रत्यक्ष भेट मिळणे बंद झाले आणि दोन्ही सरकारांतील संवादाचा महत्त्वाचा मार्ग खुंटला. १८८५ च्या युद्धाची मुख्य कारणे व्यापारी व राजकीय होती. तथापि युद्धापूर्वीच्या निर्वाणीच्या खलित्यात इंग्रज प्रतिनिधीला अपमानास्पद विधीविना राजाची भेट मिळावी, अशी मागणी होती. युद्धानंतर पदच्युत झालेला राजा थिबा रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला.

ज्या सरकारने सुरतेत भारतीयाला 'तुमची रीत पाळा' असे सांगितले, त्याच सरकारने मंडालेत दुसऱ्याच्या घरची रीत पाळण्यास नकार दिला. दोन्ही ठिकाणी जोडे काढावयाचे ते इंग्रजेतराने, एवढेच सूत्र समान होते.

पुढे हा वाद पॅगोड्यांच्या आवारात गेला. बौद्ध भाविक तेथे अनवाणी जात, पण युरोपीय लोक बूट घालून फिरत. यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशनच्या कार्यकर्त्यांनी १९१६ च्या सुमारास याविरुद्ध आवाज उठवला आणि लेडी सयाडो या विख्यात भिक्षूंनी १९१९ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडालेच्या एंडाव्या पॅगोड्यात बूट घालून आलेल्या युरोपीयांवर भिक्षूंनी हल्ला केला. त्यांचे नेते ऊ केत्तया यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. अखेर प्रत्येक पॅगोड्याच्या प्रमुख भिक्षूने पादत्राणांचा नियम ठरवावा हे सरकारला मान्य करावे लागले. हिंसेचे समर्थन करता येत नाही. परंतु नियम यजमानाने ठरवावा आणि तो सर्वांना सारखा असावा, हे तत्त्व येथे मान्य झाले.

७) जात आणि अनवाणी पाय

वसाहतवादी सरकारच्या विसंगतीवर बोट ठेवताना भारतीय समाजाला स्वतःकडेही पाहावे लागते. देशाच्या अनेक भागांत अस्पृश्य मानलेल्या जातींतील लोकांनी सवर्णांच्या वस्तीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्यात, अशी सक्ती होती. येथे प्रश्न घराच्या आतील जमिनीचा नव्हता. सार्वजनिक रस्त्याचा होता. ज्या रस्त्यावरून सवर्ण जोडे घालून चालत, त्याच रस्त्यावर दुसऱ्याने अनवाणी चालावे, हा नियम स्वच्छतेतून निघत नाही. कातडे कमावून जोडा शिवणाऱ्याला अपवित्र ठरवायचे, त्याने शिवलेला जोडा आपण घालायचा आणि त्याला मात्र आपल्या दारावरून अनवाणी जाण्यास लावायचे, ही विसंगती साहेबाच्या विसंगतीहून जुनी आणि अधिक खोल होती.

घराच्या आतही नियम सर्वांना सारखा नव्हता. ज्यांना ओसरीच्या पुढे येण्याची किंवा अंगणातही पाय ठेवण्याची मुभा नव्हती, त्यांच्या बाबतीत वहाणा कोठे काढाव्यात हा प्रश्नच उद्भवत नव्हता. यजमान व पाहुणा यांच्यातील परस्पर सौजन्य हे ज्यांना पाहुणा मानले गेले त्यांच्यापुरतेच होते. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षितांनी न्यायालयाच्या दारात जो समतेचा युक्तिवाद केला, तो गावच्या रस्त्यावर लागू करण्याची निकड त्यांच्यापैकी बहुतेकांना वाटली नाही.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ यामध्ये २०१५ साली दुरुस्ती करताना, सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे घालण्यास अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मज्जाव करणे हा स्पष्ट शब्दांत अपराध म्हणून नोंदवावा लागला. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. एकविसाव्या शतकातील कायद्याला पायातील चपलेचा उल्लेख करावा लागतो, यावरून या रूढीच्या काळ्या बाजूचे आयुष्य किती दीर्घ आहे हे कळते.

८) आधुनिक घर

शहाबादी फरशी, मोझॅक व टाइल्स आल्या, जेवणाचे टेबल आले, कोच व खुर्च्या आल्या. तरी मराठी घरात चपला दाराशी काढण्याची रीत टिकून राहिली. सदनिकांच्या दाराबाहेर चपलांचा स्टँड आला. जमिनीवरील जीवन बरेचसे संपूनही रीत टिकली, कारण ती आता घर या जागेविषयीच्या भावनेशी जोडली गेली आहे. महाविद्यालयांतील संगणक प्रयोगशाळांच्या दारावरही 'पादत्राणे बाहेर काढावीत' अशा पाट्या लागल्या. त्यामागे धुळीचे कारण होते आणि तो नियम प्राध्यापक व विद्यार्थी दोघांना सारखा असेल तोवर त्यात कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. प्राध्यापक बूट घालून आत आणि विद्यार्थी अनवाणी, असे चित्र दिसू लागले तर मात्र ती पाटी सुरतेच्या न्यायालयाच्या जवळ जाते.

निष्कर्ष :

१. घरात पादत्राणे काढण्याची रूढी जमिनीवरील जीवनपद्धती, स्वच्छता आणि शुचिता यांतून निर्माण झाली. यजमान व पाहुणा दोघांनाही तिचे बंधन असते, म्हणून ती शिष्टाचार ठरते.

२. ब्रिटिश सरकारने या रूढीतील परस्परभाव वगळून ती एकतर्फी नियमात रूपांतरित केली. १८५४ च्या ठरावातील विलायती बूट व देशी जोडा हा भेद या एकतर्फीपणाचा पुरावा आहे.

३. सुरत व कलकत्ता येथील प्रतिकार परंपरेविरुद्ध नव्हता. घर आणि सार्वजनिक संस्था यांतील भेद स्पष्ट करणारा तो आधुनिक नागरी युक्तिवाद होता.

४. ब्रह्मदेशातील घटनांवरून दिसते की जोडे काढण्यास नकार देणे हेही सत्तेचे प्रदर्शन असू शकते. जोडे घालणे किंवा काढणे यांपैकी कोणतीही कृती स्वतःहून सन्मानाची वा अपमानाची नसते. नियम कोण ठरवतो आणि तो कोणाकोणाला लागू होतो यावर तिचा अर्थ अवलंबून असतो.

५. जातिव्यवस्थेने सार्वजनिक रस्त्यावर लादलेली अनवाणी चालण्याची सक्ती ही याच रूढीची विकृती होय. 'जोड्यांच्या प्रश्ना'चा इतिहास केवळ परकीय सत्तेच्या अन्यायापुरता मर्यादित ठेवल्यास तो अपुरा राहतो.

शिष्टाचाराचा अभ्यास किरकोळ वाटला तरी समाजातील समता व विषमता त्यात नेमकी उमटलेली असते. उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या वहाणांच्या रांगेत यजमानाच्याही वहाणा आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी त्या घराविषयी आणि त्या समाजाविषयी पुष्कळ काही समजू शकते.